ढगातलं भोक, लाल पाऊस आणि हार्पची अफवा

"तबकडीसारखे ढग, ढगांना पडलेली गोल भोकं, लाल पाऊस हे निसर्गाचं काम नाही. अलास्कातल्या 'हार्प' केंद्रातून आणि विमानांच्या रासायनिक फवारणीतून हवामान बिघडवलं जातंय," असा संदेश फोटोंसह पुन्हा पुन्हा फिरतो. हार्प म्हणजे रेडिओलहरी सोडून वातावरणाच्या खूप वरच्या थराचा अभ्यास करणारं संशोधन केंद्र. असे ढग आणि असा पाऊस खरंच असतो. खोटी आहेत ती त्यांची सांगितलेली कारणं.

तबकडीचं उत्तर सोपं आहे. दमट हवा डोंगर ओलांडताना लाटेसारखी वरखाली होते. लाटेच्या माथ्यावर वाफ थंड होऊन ढग बनतो, पुढच्या उतारावर विरतो. वारा त्यातून वाहत राहतो, ढग मात्र जागीच दिसतो.

भोकाबाबत संदेशात अर्धं सत्य आहे, म्हणून तिथे थांबायला हवं. अशी भोकं बरेचदा विमानामुळेच पडतात, पण फवारणीमुळे नव्हे. उणे १५-२० अंशांनाही ढगातले थेंब न गोठता राहू शकतात, कारण गोठण्याची सुरुवात करून देणारे कण तिथे फार कमी असतात. विमानाच्या पंखांवरून किंवा पंख्याच्या पात्यांवरून जाताना हवा एकदम प्रसरण पावते, आणखी थंड होते आणि काही थेंब गोठतात. मग हे हिमकण भोवतालची वाफ ओढून घेतात, थेंब आटतात, कण जड होऊन खाली झरतात. विमान केव्हाच निघून गेलेलं असतं, भोक मात्र रुंदावत राहतं. सिल्व्हर आयोडाइड हे रसायन ढगात फवारून कृत्रिम पावसाचे प्रयोग होतात, हे खरं. पण या भोकासाठी नुसती थंडी पुरते.

लाल पावसाच्या नोंदी प्राचीन रोमच्या काळापासून आहेत. युरोपात तो सहसा सहाराच्या धुळीने रंगतो. केरळात २००१ साली तो पडला, तेव्हा तिरुअनंतपुरमच्या भूविज्ञान केंद्राने आधी उल्का फुटून हा रंग आल्याचा अंदाज बांधला होता. नमुने तपासल्यावर त्यात ट्रेंटेपोहलिया या शेवाळाचे बीजाणू निघाले, आणि परिसरातल्या झाडांवर, खडकांवर तेच शेवाळ मुबलक होतं. पुरावा मिळताच त्या शास्त्रज्ञांनी आपलं मत बदललं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता हार्प. ढग-पाऊस घडतात ते साधारण खालच्या १०-१८ किलोमीटरांत. हार्प अभ्यासतं ते आयनांबर, म्हणजे ६० किलोमीटरच्याही वरचा थर. त्याच्या रेडिओलहरी २.८ ते १० मेगाहर्ट्झच्या आहेत आणि खालच्या हवेतल्या वाफेत वा थेंबांत त्या जवळजवळ शोषल्याच जात नाहीत. ज्या हवेला त्या ऊर्जाच देत नाहीत, तिथे त्यांना ना ढग घडवता येतो, ना फोडता येतो.