‘द ॲनिव्हर्सरी’ला पहिला क्रमांक का : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि मगच उत्तर लिहायला बसलो. ‘फॉल्टी टॉवर्स’ या एका हॉटेलात घडणाऱ्या ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील सहा भागांची मी लावलेली क्रमवारी आपल्याला पटली नाही, याचे मला काही वाटले नाही. एकमत व्हावे म्हणून कोणी क्रमवारी लावत नाही. पण ‘द ॲनिव्हर्सरी’बद्दल आपण लिहिले आहे, “ज्या भागात विनोद औषधालाही नाही, केवळ एका बायकोची विटंबना आहे, त्याला पहिला क्रमांक देणाऱ्याने ही मालिका नीट पाहिलेलीच नसावी.” मत मांडण्याची ही रीत नव्हे. मी काय पाहिले आहे आणि काय नाही, हे आपल्याला कोठून कळले?

आधी चूक मान्य करतो, कारण ती चूकच आहे. सहाही भाग फेब्रुवारी-मार्च १९७९ मध्ये प्रसारित झाले, असे मी लिहिले होते. पाच भाग त्या दोन महिन्यांत आले. ‘बेसिल द रॅट’ मात्र बीबीसीतील संपामुळे लांबणीवर पडला आणि थेट ऑक्टोबरमध्ये दाखवला गेला. आपण हे लक्षात आणून दिले, त्याबद्दल आभार. मात्र तारीख चुकली म्हणून समजही चुकली, असा निष्कर्ष आपण ज्या सहजतेने काढला आहे, तो मला मान्य नाही.

आता त्या एका वाक्याकडे वळतो. आपल्याला जी विटंबना दिसली, तिच्याआधी त्या भागात काय घडते? आदल्या वर्षी हॉटेलमालक बेसिल लग्नाचा वाढदिवस विसरला होता. यंदा तो विसरलेला नाही. त्याने मित्रमंडळींना गुपचूप बोलावले आहे आणि बायकोला, सिबिलला, चकित करण्यासाठी विसरल्याचे सोंग घेतले आहे. एरवी बेसिलची फजिती होते ती त्याच्या कंजूषपणातून, खोट्या प्रतिष्ठेतून किंवा भित्रेपणातून. या पर्वात बायकोला खूश करण्याच्या इच्छेतून सगळा घोटाळा उभा राहतो तो याच एका भागात. तो सोंग जरा जास्त ताणतो, सिबिल दुखावून निघून जाते आणि नेमके पाहुणे दारात येतात. बायको रुसून गेली, एवढे एक वाक्य त्याला बोलवत नाही. ती आजारी आहे, असे तो सांगून बसतो. पाहुण्यांमध्ये एक परिचारिका असते. तिला रुग्णाला पाहायचेच असते. मग मोटार घेण्यासाठी उसने पैसे मागणारी हॉटेलातील वेट्रेस पॉली नाइलाजाने, त्याच पैशांच्या बोलीवर, सिबिलचा वेश करून अंधाऱ्या खोलीत जाऊन पडते. खरी सिबिल परत येते तेव्हा ही तिच्यासारखी दिसणारी दुसरीच बाई आहे, असे सांगून बेसिल आपल्या लग्नाच्या बायकोला स्वयंपाकघरातील कपाटात कोंडतो. यातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने भाग पाडलेली आहे. एकही वीट काढून दाखवा, मी माझा शब्द मागे घेईन.

हे मी पुस्तकी ज्ञानावर बोलत नाही. आयुष्यातील पाच वर्षे मी एका मध्यम दर्जाच्या हॉटेलच्या स्वागतकक्षात उभा राहून काढली आहेत. एका संध्याकाळी व्यवस्थापक ड्यूटी सोडून एका लग्नाला गेले होते आणि त्यांचे एक जुने स्नेही अचानक समोर येऊन उभे राहिले. साहेबांना ताप आहे, असे मी सांगितले. स्नेही म्हणाले, मग त्यांच्या खोलीवर जाऊन भेटतो. मी म्हणालो, झोप लागली आहे. ते म्हणाले, दारातून पाहून येतो. ताप संसर्गाचा आहे, असे जेव्हा मी म्हणालो, तेव्हा माझ्या हातातील पेनचे टोपण मी इतके दाबले होते की त्याची क्लिप तुटून नोंदवहीवर पडली. ती क्लिप उचलताना त्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीच नजर मला पुढे ‘द ॲनिव्हर्सरी’तील रॉजर या पाहुण्याच्या चेहऱ्यावर दिसली. त्याला सगळे कळलेले असते आणि तो मुद्दामच निघत नाही. असे खोटे ज्याने स्वतः निभावले आहे, त्याला या भागात विनोद कोठे आहे, हे कोणी दाखवावे लागत नाही.

विटंबना आहे, हे मी कधीच नाकारलेले नाही. प्रश्न असा की लेखक कोणाच्या बाजूने उभे आहेत? ही मालिका जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या दोघांनी मिळून लिहिली. ते दोघे पतिपत्नी होते आणि हे पर्व प्रसारित होण्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, त्यांचा घटस्फोट झाला होता. म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाचा हा भाग, ज्यांचे स्वतःचे लग्न मोडले होते अशा दोन माणसांचा आहे, आणि त्यांच्यातील स्त्री त्यात पॉली होऊन दुसऱ्या बाईच्या जागी पांघरूण घेऊन पडली आहे. हे ठाऊक असताना तुम्ही या भागाला “बायकोवरचा स्वस्त विनोद” म्हणता, याला मी घाई म्हणेन. आणखीही एक शब्द सुचतो, पण तो लिहीत नाही. प्रुनेला स्केल्स यांची सिबिल आपल्याच मित्रमंडळींसमोर परकी ठरते, तेव्हा आपण हसतो आणि हसता हसता आपल्याला अवघडल्यासारखे होते. शेवटी पाहुणे जातात, बेसिल स्वयंपाकघराकडे वळतो आणि कपाट उघडल्यावर काय होणार, हे आपल्याला दाखवले जात नाही. त्याची शिक्षा आपण मनात पूर्ण करायची असते. स्त्रीची टवाळी करणारा लेखक असा शेवट लिहीत नाही.

‘द किपर अँड द कॉर्प्स’ पहिला हवा, हे आपले म्हणणे पुष्कळांचे आहे. झोपेतच मेलेल्या पाहुण्यासमोर न्याहारीचा ट्रे ठेवून बेसिल बडबडत राहतो, तो प्रवेश मलाही अतिशय प्रिय आहे. माझ्या यादीत तो भाग दुसरा आहे. म्हणजे आपले भांडण एका पायरीचे आहे. ‘वॉल्डॉर्फ सॅलड’ आणि ‘द सायकियाट्रिस्ट’ यांच्या क्रमाबद्दल मी वाद घालणार नाही. हॉटेलातील वेटर मॅन्युएलला होणाऱ्या मारहाणीबद्दल मी अवाक्षर काढले नाही, हा आपला तिसरा आक्षेप. तो साऱ्या मालिकेविषयी आहे, या सहा भागांच्या क्रमाशी त्याचा संबंध नाही. “जुन्या आठवणींत रमलेल्या माणसाची यादी” या शेऱ्याला मी उत्तर देणार नव्हतो, पण एवढे सांगतो की ‘द ॲनिव्हर्सरी’ मी पहिल्यांदा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला तेव्हा तो मला सहांमध्ये पाचवा वाटला होता. आठवणींवर विसंबून राहिलो असतो, तर आजही तो पाचवाच राहिला असता.

आपण तो भाग पुन्हा पाहणार असाल, तर बेसिलकडे न पाहता सिबिल परत आल्यापासून फक्त तिच्याकडे पाहा आणि मग मला लिहा. उत्तर मी नक्की देईन, भाषा याहून बरी असली तर अधिक आनंदाने देईन. तारखेची दुरुस्ती मूळ लेखात आजच केली आहे. क्रमवारी आहे तशीच ठेवली आहे.