चकी रॉबर्टवरून आलेला नाही

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर तीच पोस्ट फिरते: १९८८चा 'चाइल्ड्स प्ले' हा हॉलिवूडचा भयपट सत्यघटनेवर आहे, फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' गावात रॉबर्ट नावाचा झपाटलेला बाहुला आहे, सिनेमातला खुनी बाहुला चकी म्हणजे तोच, आणि नोकराणीने वूडू, म्हणजे जादूटोणा, करून तो घरातल्या मुलाला दिला होता. रॉबर्ट नावाचा बाहुला आहे, एवढंच यात खरं.

आधी वूडूचं बघू, कारण लोकांना हेच साम्य लगेच पटतं. सिनेमाचा लेखक डॉन मॅन्सिनीने कथा पहिल्यांदा लिहिली तेव्हा तीत वूडू नव्हताच, मेलेला खुनीही नव्हता. बाहुल्यात खोटं रक्त भरलेलं असतं, एकटा पडलेला मुलगा त्यात स्वतःचं रक्त मिसळतो आणि त्याच्या मनात दाबून ठेवलेला राग बाहुला बाहेर काढू लागतो. मरताना वूडूच्या मंत्राने बाहुल्यात शिरणारा खुनी चार्ल्स ली रे आणि त्याचा मंत्र पटकथेवर पुढे इतरांचे हात फिरले तेव्हा आले.

दिसण्यातही मेळ नाही. रॉबर्टच्या अंगावर खलाशाचा पोशाख. चकी लाल केसांचा, डंगरी आणि पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला, त्या काळातल्या 'माय बडी' बाहुल्यासारखा. मॅन्सिनी स्वतः मुलाखतींत कॅबेज पॅच बाहुल्यांचं नाव घेतो. १९८३च्या नाताळात त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या दुकानांत आईबापांची धक्काबुक्की झाली होती.

सिनेमा बाहुल्यांच्या त्या वेडावरच आहे, आणि पोस्टवाले नेमकं तेच पुसून टाकतात याचा मला राग येतो. लहानग्या अँडीचे कपडे 'गुड गाय'चे, टीव्हीवर कार्यक्रम 'गुड गाय'चा, आता बाहुलाही तोच हवा. आई कॅरन तो गल्लीतल्या फेरीवाल्याकडून स्वस्तात घेते. पुढे एका रात्री ती रिकामं खोकं उचलते आणि आतून बॅटऱ्या जमिनीवर पडतात. इतके दिवस बाहुला बोलत होता, तो कशावर? ती त्याला पालथा करते, पाठीवरचं झाकण उघडते. आत काहीच नाही. एवढ्यात मान गर्रकन फिरते. या प्रसंगाला कुठल्याही सत्यकथेच्या शिक्क्याची गरज नाही.

तारखांचंही तेच. रॉबर्ट की वेस्टच्या संग्रहालयात आला १९९४ला, सिनेमानंतर सहा वर्षांनी. त्याची ख्याती जगभर पसरली ती त्यानंतर. आपला 'झपाटलेला' १९९३चा. तो चकीवरून सुचला हे उघड आहे, पण तात्या विंचू बोलला-हलला तो रामदास पाध्यांच्या कलेमुळे. रॉबर्टशी त्याचाही संबंध नाही.

राहिली नोकराणी. खुद्द संग्रहालय सांगतं, की बाहुला जर्मनीतल्या श्टाइफ कंपनीने बनवला आणि १९०४मध्ये जीन ऑटो या मुलाच्या आजोबांनी तिकडून आणला. म्हणजे नोकराणीने तो बनवून दिल्याची गोष्ट तिथेच संपते. तरी दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या एका बाईला आपण चेटकीण ठरवतो आणि पोस्ट पुढे ढकलतो.