कॉम्प्युटर 99 टक्के अचूक, म्हणून मिरगीच्या गोळ्या बंद?

नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. "मेंदूच्या लहरी आता कॉम्प्युटर वाचतो, 99 टक्के अचूक. औषधाला दाद न देणारी मिरगी वीस मिनिटांच्या ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या तपासणीत) कळते. झटक्याआधी मोबाइलवर इशारा येतो. तशी मिरगी निघाली तर गोळ्या व्यर्थ, बंद करा." हसून सोडलं असतं. पण ओळखीच्या घरातली एक आई आता पोरीच्या गोळ्या थांबवू का, असं विचारतेय.

थांबवू नका. झटके पूर्ण थांबले नाहीत, तरी त्या गोळ्या काही झटके अडवत असतात. एकदम तोडल्या तर एकामागून एक झटके सुरू होऊ शकतात, आणि पाच मिनिटांवर चाललेला झटका म्हणजे थेट कॅज्युअल्टी. शिवाय 'दाद न देणारी' कशाला म्हणायचं, हे मिरगीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2010 सालीच ठरवून दिलंय: नीट निवडलेली, सोसवणारी दोन औषधं योग्य रीतीने देऊनही झटके थांबले नाहीत तर. हे औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांवरून आणि झटक्यांच्या वहीवरून ठरतं. लहरींवर तसा शिक्का नसतो. कित्येकदा तर दोष औषधाचा नसतोच, डोस चुकलेले असतात.

आता तो 99 चा आकडा. चोवीस तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकेका मिनिटाचे दोन झटके आले, असं धरा. 1440 मिनिटांपैकी 2. सरसकट 'झटका नाही' म्हणणारा प्रोग्रामही 1438 मिनिटं बरोबर ठरतो, म्हणजे 99.86 टक्के. पकडले किती? शून्य.

दुसरी गंमत डेटाची. असले आकडे पुष्कळदा जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या 2001 च्या डेटावर काढलेले असतात. पाच गट, प्रत्येकात 23.6 सेकंदांचे 100 तुकडे. आवडती तुलना 'ए' विरुद्ध 'ई'. 'ए' म्हणजे निरोगी माणसांच्या डोक्यावरून, डोळे उघडे ठेवून घेतलेल्या लहरी. 'ई' म्हणजे ऑपरेशनच्या तपासणीसाठी मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून, झटका चालू असतानाच्या. एक कवटीबाहेरून, दुसरं आतून! हा फरक बारकं पोट्टंही ओळखेल. त्यात हलण्या-मिचकावण्याच्या खुणा असलेले तुकडे आधीच वगळलेले. नागपूरच्या मे महिन्यात घाम आला की रेषा वरखाली तरंगते, कूलरच्या वायरीतून विजेची 50 हर्ट्झची गुणगुण शिरते, सुटत आलेला इलेक्ट्रोड मिरगीसारखीच टोकं काढतो, पेशंट दात चावतो. बॉनवर शिकलेल्या प्रोग्रामने यातलं काही पाहिलेलंच नसतं.

कॉम्प्युटर अगदीच बिनकामाचा नाही, हे मात्र कबूल करावं लागेल. तीन दिवसांचा व्हिडिओ ईईजी (लहरींसोबत पेशंटचं चित्रीकरणही) दहा सेकंदांच्या पानांनी पाहायचा तर 25,920 पानं होतात. तिथे तो संशयाच्या जागांवर खुणा करतो आणि डॉक्टर त्या तपासतात. झटका नेमका कुठून सुटतो हे शोधायलाही हातभार लागतो, आणि ते शोधणं खरंच मोलाचं, कारण काही जणांत त्या जागेवर ऑपरेशन करता येतं. दिल्लीच्या एम्सने 2017 मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या 116 मुलांवरचा अभ्यास छापला. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी 77 टक्के झटकामुक्त होती, नुसत्या औषधावरची 7 टक्के. पण गोळ्या बंद करा, असं तो अभ्यास कुठेही सांगत नाही.

मोबाइलवरच्या इशाऱ्याचं थोडक्यात: 2013 मध्ये छापून आलेला ऑस्ट्रेलियातला असा प्रयोग कवटीच्या आत इलेक्ट्रोड बसवलेल्या 15 जणांवर होता. मनगटावरच्या पट्ट्या-घड्याळांवर नाही.

तपासणीला जाणार असाल तर आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा, तेल लावू नका. तेलावर इलेक्ट्रोड धरत नाही. झोप किती घ्यायची ते लॅबला विचारा. आणि डॉक्टरांनी स्वतः थांबवायला सांगितलं नसेल, तर सकाळची गोळी नेहमीच्या वेळेला घेऊनच निघा.