वारा पंखा फिरवतो, टाकी भरत नाही

रविवारी रात्री साडेदहाला सेलूहून ताईचा फोन. "अरे, पोरगं ऐकंना झालंय. शेडमधी इमान करायलाय. चाळीस हजार घातलेत आतापस्तोर. तूच बोल बाबा त्याला."

पोरगं म्हणजे माझा भाचा. वय बावीस, गेट-ग्रिलचं दुकान, वेल्डिंगला हात असा की जोड शोधावा लागतो. मी आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकवतो, त्यामुळे घरात कुणी कसलंही यंत्र करायला घेतलं की फोन मलाच येतो. त्याला लावला तर म्हणाला, "मामा, आधी मी पाठवलेलं वाचा, मग बोला."

वाचायची गरज नव्हती. तो मेसेज दोन दिवसांपूर्वी आमच्याच घरच्या ग्रुपवर आला होता. खाली अकरा जणांनी हात जोडले होते, आणि मी "कशाला तोंडी लागा" म्हणून गप्प बसलो होतो. त्याच वेळी बोललो असतो तर निदान शेवटचे दहा हजार वाचले असते.

तुमच्याकडेही तो आला असेलच. "जायरोप्लेन: विमान कंपन्यांनी दडपलेलं सत्य" असं डोकं आहे आणि खाली पाच मुद्दे. (जायरोप्लेन म्हणजे डोक्यावर हेलिकॉप्टरसारखा मोठा पंखा असलेलं छोटं उडतं यंत्र. भाचा शेडमध्ये तेच करत होता.) एक, इंजिन बंद पडलं तरी हे यंत्र कधीच पडत नाही, कारण वरचा पंखा वाऱ्यानं फिरतो. दोन, म्हणूनच एका आयरिश माणसानं ६० लिटर साध्या पेट्रोलवर एका दमात अटलांटिक महासागर पार केला. तीन, याला लायसन लागत नाही, घरी बनवता येतं. चार, शोध लावणाऱ्याला विमानवाल्यांनी संपवलं. पाच, मूळ शोध आपलाच, पोथीत लिहिलेला आहे.

पाचवा एका दमात संपवतो. वैमानिकशास्त्र म्हणून जी पोथी दाखवतात ती बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली बारकाईनं तपासली. पोथी विसाव्या शतकातली निघाली आणि त्यातली यंत्रं उडण्याजोगी नाहीत असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढे.

आता दुसरा मुद्दा, कारण सगळे हात याच मुद्द्याला जोडले होते. माणूस खरा आहे, हे आधी कबूल करतो. नॉर्मन सर्प्लस, उत्तर आयर्लंडच्या लार्न गावचा, कॅन्सरमधून उठलेला. यंत्रही खरं आहे, एमटी-०३ जातीचं, त्याचं लाडाचं नाव रॉक्सी. अटलांटिकही खरा, आणि जायरोप्लेननं तो ओलांडणारा हा पहिलाच माणूस. साधं पेट्रोल हेसुद्धा खरं, त्यातलं रोटॅक्स इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालतं. एवढं देऊन टाकलं. आता "एका दमात" बघू.

मार्च २०१० मध्ये हा गडी जगप्रदक्षिणेला म्हणून घरून निघाला. त्याच वर्षी थायलंडमध्ये यंत्र तळ्यात गेलं. ते काढलं, दुरुस्त केलं आणि २०११ साली जपान गाठला. पुढे रशियावरून जायची परवानगी मिळेना. काही वर्षं यंत्र जपानमध्येच अडकून राहिलं आणि शेवटी बोटीनं अमेरिकेला गेलं. होय, बोटीनं. मग २०१५ च्या उन्हाळ्यात अमेरिका, कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड, फेरो बेटं, स्कॉटलंड असं टप्प्याटप्प्यानं उतरत, हवा बघत, पेट्रोल भरत ऑगस्टमध्ये तो घरी पोचला. राहिलेला रशियाचा तुकडा २०१९ मध्ये उडून वर्तुळ पुरं केलं. नऊ वर्षं लागली. त्याच साली जेम्स केचेल नावाच्या इंग्रज माणसानं सलग प्रदक्षिणा केली, त्यालाही १७५ दिवस लागले आणि तोही बेटं धरूनच गेला. एका दमात म्हणणाऱ्याचा दम केवढा असेल!

आणि ६० लिटर? हे मी सोमवारी वर्गात फळ्यावर मांडलं, पोरांनी पाच मिनिटांत सोडवलं. असलं दोन सीटचं यंत्र ताशी १३० किलोमीटरच्या आसपास चालतं आणि तासाला साधारण १८ लिटर पितं. ६० लिटर म्हणजे तीन तास वीस मिनिटं, म्हणजे ४३० किलोमीटर. परभणीहून सरळ रेषेत पश्चिमेला उडालात तर कसेबसे मुंबईपर्यंत. जिथं समुद्र सुरू होतो तिथं टाकी कोरडी.

बरं, उलटं करू. कॅनडाच्या टोकापासून आयर्लंडपर्यंत मधे कुठंही न उतरता जायचं तर अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. तेवीस तास. चारशेच्या वर लिटर पेट्रोल, वजन तीनशे किलो. या यंत्राचं रिकामं वजन अडीचशेच्या आसपास आणि उडायची एकूण मर्यादा ५००. म्हणजे माणूस बसायच्या आधीच गाडी ओव्हरलोड. समोरून ताशी ४० किलोमीटरचं वारं लागलं तर तेवीसाचे तेहतीस तास होतात आणि पेट्रोलही त्या हिशेबानं वाढतं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मग टँकर सोबत न्यावा लागंल." ग्रुपवरच्या अकरा जणांना हे सुचलं नाही.

तिसरा मुद्दा लायसनचा. हा कुठून आला ते मला माहीत आहे. अमेरिकेत एक नियम आहे. रिकामं वजन ११५ किलोच्या आत, एकच सीट, टाकी १९ लिटरच्या आत, दिवसाउजेडी, दाट वस्तीवरून न जाता उडवायचं, तर लायसन लागत नाही. तो नियम अमेरिकेचा आहे, सेलू तालुक्याचा नाही. आपल्याकडे माणूस बसवून यंत्र हवेत न्यायचं तर नोंदणी आणि परवाना यांसाठी डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, दारात जावंच लागतं. आणि गंमत बघा, बिनलायसनी यंत्राची टाकी १९ लिटर. दुसरा मुद्दा तिसऱ्या मुद्द्यालाच बुडवतो. मेसेज लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज तरी वाचायचा होता.

आता पहिला. "कधीच पडत नाही." माझा राग यावर आहे, कारण माझा भाचा या वाक्यावर बसून उडणार होता.

यात अर्धं खरं आहे, आणि मी ते नाइलाजानं मान्य करतो. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा इंजिन फिरवतं. जायरोप्लेनचं इंजिन मागचा छोटा पंखा फिरवून फक्त पुढं ढकलतं. वरचा मोठा पंखा थोडा मागं कललेला असतो, खालून वर जाणाऱ्या हवेवर तो आपोआप फिरतो. उडायच्या आधी त्याला इंजिननं थोडी गती देतात, मग जोड सोडतात. माळेगावच्या जत्रेतली भिंगरी घेऊन पोरगं पळतं तशी ही गोष्ट आहे. इंजिन बंद पडलं तर यंत्र दगडासारखं कोसळत नाही, खाली येता येता तीच हवा पंखा फिरवत राहते. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

पण "खाली येता येता" हे तीन शब्द त्यानं गाळलेत. पोरगं थांबलं की भिंगरी थांबते. वरचा पंखा फिरायला जी ताकद लागते ती उंची खर्चून मिळते. इंजिन बंद झाल्यावर हे यंत्र चार मीटर पुढं जाईपर्यंत मीटरभर तरी खाली येतं, बऱ्याचदा जास्त. तीनशे मीटर उंचीवर असाल तर जेमतेम किलोमीटरभर पुढं जाल. शेतावर असाल तर ढेकळात उतराल, हाडं शाबूत राहतील. समुद्रावर किलोमीटरभर पुढं काय असतं? समुद्रच. चाकं पाण्याला टेकतात, फिरती पाती पाण्यात आपटतात, यंत्र उलटं होतं. थायलंडचं तळं निदान कोमट होतं. ग्रीनलंडजवळच्या पाण्यात काही मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात, पट्टा सोडायलाही. म्हणून सर्प्लस पाण्यात टिकायचा खास सूट अंगावर घालून उडत होता. कधीच न पडणाऱ्या यंत्रात बसणारा माणूस असला सूट कशाला घालेल?

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पंखा फिरतो तो त्याच्यावर वजन लटकलेलं असतं म्हणून. घाबरून यंत्र वर-खाली नेणारी दांडी एकदम पुढं ढकलली, की गाडी उंचवट्यावरून उडाल्यावर पोटात गोळा येतो तसं क्षणभर वजन नाहीसं होतं. हवा खालून वर यायची थांबते, पंखा मंदावतो, पाती झोल खाऊन मागच्या शेपटीवर आपटतात. मग सावरायला काही उरत नाही. विमान शिकलेले वैमानिक जुन्या सवयीनं हीच चूक करून गेलेत. ज्यानं काहीच शिकलेलं नाही त्याचं काय होईल ते मी ताईला सांगितलेलं नाही.

आणि आता ज्यासाठी मी मंगळवारी सुट्टी टाकून सेलूला गेलो ते. शेडमध्ये चौकोनी पाइपाची चौकट उभी, जुन्या मोटारीचं तीन सिलिंडरचं इंजिन विटांवर ठेवलेलं, आणि भिंतीला टेकवून वरचा पंखा. आत पाइप, वरून जीआय पत्रा, दोन्ही पाती मधल्या जाड प्लेटला फुल वेल्ड. शिवण बघून विद्यार्थ्यांना दाखवावी अशी. "मामा, हलतच नाही बघा," म्हणत त्यानं पात्याला लोंबकळून दाखवलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण तिथं हललंच पाहिजे.

इथं चौथा मुद्दाही निकालात निघतो. जायरोप्लेन ज्यानं आणलं तो स्पेनचा इंजिनिअर, हुआन दे ला सिएर्वा. त्याची पहिली तीन यंत्रं अशीच घट्ट पात्यांची होती आणि ती उडायच्या नादात आडवी झाली. कारण साधं आहे. यंत्र पुढं चाललं की एका बाजूचं पातं वाऱ्यावर चालून जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागं येतं. पहिल्याला वारा जास्त, उचल जास्त. दुसऱ्याला कमी. एक बाजू वर, यंत्र कलंडलं. मोटारसायकलवर समोरून वारं लागतं आणि पाठीमागून लागतं तेव्हा शर्ट फुगतो-न-फुगतो, तोच फरक. त्यानं पात्यांच्या मुळाशी बिजागरी घातली. जास्त उचल मिळालेलं पातं वर झुलतं, झुलल्यानं उचल आपोआप कमी होते, दोन्ही बाजू बरोबरीत येतात. ते चौथं यंत्र जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ व्यवस्थित उडालं. १९२८ च्या सप्टेंबरात त्यानं लंडनजवळच्या क्रॉयडनहून इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिस गाठलं. त्यालाही पाणी ओलांडायचंच होतं, पण बिजागरी आधी.

त्याला विमानवाल्यांनी संपवलं? १९३६ च्या डिसेंबरात धुक्यात उडालेलं प्रवासी विमान क्रॉयडनमध्येच घरांवर कोसळलं, त्यात तो प्रवासी म्हणून बसला होता. विमानात गेला एवढं खरं. बाकीचं मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं.

शेडमध्ये उभं राहून मी हे सगळं सांगितलं. पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, २०२१ च्या ऑगस्टात अशाच हाताच्या कसबी तरुणाचा घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत पातं तुटून डोक्याला लागल्यानं जीव गेला, तेही सांगितलं. ते हेलिकॉप्टर होतं, हे जायरो आहे, हे त्यानं मला लगेच सुनावलं. खरंच आहे. पण पातं तुटल्यावर ते विचारत नाही.

तो बराच वेळ प्लेटकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मामा, मधी बिजागरी टाकली की झालं का?"

बघा. पाऊण तास बोललो आणि पोरानं तेवढंच उचललं. मग मी मास्तरकी सोडली आणि मामाचा आवाज काढला. पात्याचा तोल ग्रॅमात बघावा लागतो, तुझ्याकडे काटा भंगाराचा आहे. जीआय पत्र्याच्या आत गंज धरला तर वरून दिसत नाही. पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेईल तेव्हा त्या शिवणीवर काही टनांचा ओढा येईल, आणि तू तिला लोंबकळून तपासतोयस. ताई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

पंखा आम्ही दोघांनी मिळून ग्राइंडरनं मधोमध कापला. कापताना त्याचा चेहरा बघवत नव्हता, चांगलं काम होतं ते. एक पातं आता दुकानाच्या पाटीच्या मागं आडवं लावलंय, आधार म्हणून.

इंजिन मात्र ठेवायला सांगितलंय. ते पिंपात पाणी घालून सुरू केलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता, गॅस्केट गेलेलं दिसतंय. शनिवारी छोट्या हत्तीत टाकून वर्कशॉपला आण म्हटलंय, आधी हेड उघडून बघू.