तेलाची वाटी थोडी आधी काढा

काल धाकट्या बहिणीचा फोन आला. सातवा लागलाय तिला. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसायची की चंदेरी, इथून सुरू झालेलं बोलणं ‘ताई, रात्री पोटरीत असा गोळा येतो की ओरडावंसं वाटतं’ इथे येऊन थांबलं. सासूबाई तिच्या फार मायाळू आहेत, पण त्यांचं मत ठाम: पोटुशीनं अंगाला कुणाचा हात लावून घ्यायचा नाही, तेल-पाणी काय ते बाळंतपणानंतर. त्यासाठी मालिशवाल्या मावशी आत्ताच सांगून ठेवल्यात, सव्वा महिन्यासाठी.

मला याचंच नवल वाटतं. बाळंतिणीला शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, रोजचं न्हाऊ घालणं, सगळं साग्रसंगीत. आणि जिची कंबर आज मोडतेय तिला काय, तर ‘सगळ्यांचंच दुखतं गं, आम्ही नाही का काढले नऊ महिने?’

माझ्या वेळी मी सातव्या महिन्यात सांगलीला माहेरी होते. रात्री जेवणं आटोपली की आई खोबरेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची आणि जुना टॉवेल मांडीवर टाकून म्हणायची, ‘आण तो पाय.’ तळव्याच्या खळग्यात अंगठा फिरवताना ती शेजारणींच्या कागाळ्या सांगायची. मी डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. पंधरा मिनिटांत डोळा लागायचा. तेलाचा गुण किती आणि आईच्या हाताचा किती, हे मला सांगता येणार नाही. झोप लागायची एवढं खरं.

यावर अभ्यासही झालेत. अमेरिकेत मायामी विद्यापीठात टिफनी फील्ड यांनी १९९२ मध्ये फक्त स्पर्शावर संशोधन करणारी संस्था काढली. त्यांच्या एका अभ्यासात मन खचलेल्या गरोदर बायकांना दुसऱ्या तिमाहीपासून १६ आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं मालिश केली. करणारे कोण, तर त्यांचे जोडीदारच. पाठ आणि पायांचं दुखणं कमी झालं, मन हलकं झालं. अशा अभ्यासांत बायका थोड्या असतात, त्यामुळे ‘मालिशनं बाळ हुशार होतं’ वगैरे कुणी सांगू लागलं तर चहा पाजून वाटेला लावा. दुखणं उतरतं, झोप येते, कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढलाय असं वाटतं. मला तेवढं पुष्कळ आहे.

पण सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही. त्या सगळ्याच शरीराला घाबरतात, घाबरायचं ते दोन-तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे पोट. आमच्याकडे एक मावशी यायच्या, ‘बाळ आडवं आहे, चोळून सरळ करते’ म्हणणाऱ्या. आईनं त्यांना दारातच थांबवलं होतं. पोट जोरात दाबलं तर वार (प्लासेंटा) सुटू शकते, आणि मग बाळ-बाळंतीण दोघांच्याही जिवावर बेततं. डॉक्टरही बाहेरून हातानं बाळ फिरवतात, नाही असं नाही. पण ते साधारण ३७व्या आठवड्यात, दवाखान्यात, सोनोग्राफी करून, बाळाचे ठोके बघत आणि गरज पडली तर लगेच सिझर करता येईल अशा तयारीनिशी. ओसरीवर चटई टाकून नव्हे.

दुसरं म्हणजे पोटरी. म्हणून बहिणीला मी आधी विचारलं, गोळा दोन्ही पायांत येतो का? येऊन जातो का? गोळा आला तर टाच पुढे, पंजा आपल्याकडे ओढून पाय ताणायचा, मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो. मात्र एकच पाय सुजलाय, तिथे गरम लागतंय, लाल दिसतंय, दुखणं हटतच नाही, असं असेल तर चोळायचं अजिबात नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं. बाळंतपणात रक्त कमी जावं म्हणून शरीरानंच केलेली ही सोय, पण तिच्यापायी पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पट वाढतो. बहुतेकदा डाव्याच पायात. ती चोळून सुटली तर थेट फुप्फुसात जाते.

तिसरं, सूज. संध्याकाळी पावलं सुजतात, ते चालतं. पण चेहरा-हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तर वाटी खाली ठेवून आधी बीपी बघायचं. वर १४०, खाली ९०, दोन्हींतला एक जरी आकडा गाठला तरी डॉक्टरला फोन.

पहिल्या तीन महिन्यांचं काय? हलके पाय चेपल्यानं गर्भ पडतो याला पुरावा नाही. त्या काळात गर्भ पडतात ते बहुतेक वेळा गुणसूत्रांतल्या दोषामुळे. तरी मी म्हणेन थांबा, कारण काही बिनसलंच तर दोष तेलावर जातो आणि तेलाआडून सुनेवर.

पुण्यात एका ठिकाणी मी हौसेनं ‘प्रीनेटल मसाज’ला गेले होते. त्यांनी महिना विचारला आणि पैसे घेतले, बस. बीपी नाही, वार कुठे आहे नाही. वर पोटासाठी भोक पाडलेल्या टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. पोट लोंबकळलं की पाठीवर ताण येतो, हे मला कळत होतं, त्यांना नाही. उताणंही फार वेळ झोपवू नये, पाचव्या महिन्यानंतर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन गरगरतं. मी उठून आले. पैसे गेले ते गेलेच.

आणि जिला सगळ्यात भक्कम आधार आहे त्या मालिशबद्दल कुणी बोलतच नाही. पहिलटकरणीनं ३४-३५व्या आठवड्यापासून योनिमुखाजवळची जागा आतून तेल लावून, स्वच्छ हातांनी हळूहळू ताणली तर टाके पडण्याची शक्यता कमी होते. वार खाली असेल, पाणी गेलं असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर नाही, आणि डॉक्टरला विचारूनच. डोहाळजेवणाचे पदार्थ पन्नास जणी सांगतात, हे एकही सांगत नाही.

बहिणीच्या दोन्ही पायांत गोळे येतात, येऊन जातात, सूज नाही. डॉक्टरांनीही परवानगी दिली. रात्री भावोजींचा मेसेज आला, ‘ताई, किती जोरात दाबायचं?’ मी लिहिलं, ‘कणीक मळता तेवढं नको.’ उत्तर आलं, ‘मी कधी मळलीच नाही.’ आता आधी ते शिकवावं लागणार.