मानसा मुसाचे ४०० अब्ज डॉलर नक्की कुणी मोजले?

दर दोन-तीन महिन्यांनी तो फॉरवर्ड फिरून येतोच. परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत आला, सोबत तेच चित्र, डोक्यावर मुकुट आणि हातात सोन्याचा गोळा धरलेला काळा राजा. मजकूर साधारण असा: पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मानसा मुसा हा जगाच्या इतिहासातला सगळ्यात श्रीमंत माणूस, संपत्ती ४०० अब्ज डॉलर. १३२४ मध्ये ६० हजार माणसं घेऊन हजला निघाला, वाटेत कैरोत इतकं सोनं वाटलं की इजिप्तची इकॉनॉमी १२ वर्षं झोपली. त्याच्या भावाने कोलंबसच्या आधी २,००० जहाजं घेऊन अमेरिका गाठली. आणि मालीतल्या टिंबक्टू शहरात त्याने २५ हजार विद्यार्थ्यांची युनिव्हर्सिटी काढली. शेवटी ठरलेलं वाक्य, "हे तुम्हाला शाळेत कधीच शिकवणार नाहीत."

शाळेत शिकवत नाहीत हे खरंय, आणि शिकवायला हवं हेही खरं. पण हे असं नको.

चित्रापासून सुरू करतो, कारण सगळ्या फॉरवर्डमध्ये तेवढंच अस्सल आहे. ते १३७५ च्या कॅटलान नकाशातलं आहे, मायोर्का बेटावरच्या अब्राहम क्रेस्केसच्या नावावर तो नकाशा सांगतात. म्हणजे मुसा जाऊन अडतीसेक वर्षं झाल्यावर, त्याला कधी न पाहिलेल्या माणसाने काढलेलं. तरी युरोपच्या नकाशावर सहाराखाली एका राजाला इतकी जागा मिळाली ही गोष्ट लहान नाही.

आता ते ४०० अब्ज. हा आकडा कुठल्या इतिहासकाराचा नाहीये. २०१२ साली सेलिब्रिटी नेट वर्थ नावाच्या साइटने, जी एरवी नटनट्यांची आणि क्रिकेटपटूंची संपत्ती छापते, एक "आजवरचे सर्वात श्रीमंत" अशी यादी केली आणि त्यात मुसाला पहिला नंबर दिला, तिथून तो जगभर गेला. मुसाच्या खजिन्याची वही कुठेच सापडलेली नाही. मग मोजलं काय?

आणि समजा वही सापडली, तरी डॉलर कसे करणार? इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी, जो आपल्याकडे दौलताबाद, नंदुरबार बघून गेला होता आणि पुढे मालदीवमध्ये काझीही होता, तो १३५२ मध्ये मालीत पोचला. तिथे बाजारात चलन म्हणून काय चाललंय तर कवड्या! मालदीवच्या समुद्रातल्या त्याच कवड्या. मालदीवमध्ये एका सोन्याच्या दिनारला चार लाख कवड्या मिळतात असं त्याने लिहून ठेवलंय, कधीकधी बारा लाखसुद्धा, आणि मालीत भाव एका दिनारला १,१५०. आपण ज्याला कवडीमोल म्हणतो ती कवडी अर्धं जग ओलांडून गेली की तिचं मोल साडेतीनशे पट होतं. तांब्याचंही तेच. खुद्द मुसाने कैरोत सांगितलं की आम्ही आमचं तांबं दक्षिणेकडच्या लोकांना विकतो आणि शंभर भार तांब्याला साधारण ६६ भार सोनं घेतो. जिथे तांबं आणि सोनं इतकं जवळ आहे तिथलं सोनं आजच्या सराफाच्या भावाने गुणायचं, हा कुठला हिशेब झाला? त्यात बंबुक आणि बुरे या भागांतल्या सोन्याच्या खाणी थेट त्याच्या हाताखाली नव्हत्याच. तिथल्या लोकांवर इस्लाम लादायला गेलं की सोनं निघणंच कमी होतं, हे मालीच्या राजांना अनुभवाने कळलेलं, त्यामुळे ते नजराणा घ्यायचे आणि त्यांना त्यांच्या त्यांच्या देवांवर सोडून द्यायचे. हे त्या काळचा अरबी लेखक अल-उमरी याने लिहिलंय, ज्याच्याकडून आपल्याला मुसाची बरीचशी माहिती मिळते.

कैरोची इकॉनॉमी कोसळली हाही किस्सा त्याच अल-उमरीचा, पण त्याने लिहिलंय काय ते बघा ना. मुसा यायच्या आधी सोन्याचा मिस्काल (म्हणजे साधारण एका दिनाराएवढं वजन) २५ दिरहमच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, खाली जात नसे, तो आल्यापासून २२ च्या वर जाईना, आणि गेली बारा वर्षं हे असंच चाललंय. २५ चे २२, म्हणजे शेकडा बाराच्या आसपास उतरण. सराफांनी कपाळाला हात लावला असेल, मान्य, पण देश बुडाला वगैरे काही नाही. "१२ वर्षं" का, तर त्याने लिहिलं तेव्हा मुसा येऊन गेल्याला बारा वर्षं झाली होती, एवढंच. वॉरन शुल्ट्झ या नाणी अभ्यासणाऱ्या संशोधकाने त्या काळातले कैरोचे भाव तपासले तर असे चढउतार तिथे नेहमीचेच निघाले.

मला त्या पानांत जास्त आवडतो तो दुसरा तपशील. कैरोचे दुकानदार मालीच्या लोकांना एक दिनाराचाही नसलेला सदरा पाच दिनारला विकायचे, आणि हे बिचारे सांगितलेली किंमत खरी मानून मोजून द्यायचे. पुढे मात्र त्यांचं मन असं विटलं की इजिप्तच्या कुठल्याही माणसावर ते विश्वास ठेवेनात. फॉरवर्डमध्ये कैरो म्हणजे बिचारी आणि मुसा म्हणजे उधळ्या. पण कोण कुणाला लुटत होतं?

जहाजांचं. गोष्ट मुसानेच कैरोत सांगितली: माझ्या आधीच्या राजाला समुद्राचं दुसरं टोक बघायचं होतं, त्याने आधी काही जहाजं पाठवली, त्यातलं एकच परत आलं, मग तो स्वतः २,००० घेऊन गेला, आणि तेव्हापासून पत्ता नाही. बस. यात अमेरिका नाही, भाऊ नाही, राजाचं नावसुद्धा नाही. "अबू बकर दुसरा" हे नाव नंतर वंशावळ चुकीची वाचून चिकटवलंय, इब्न खलदून या अरब इतिहासकाराच्या यादीत मुसाच्या आधी वेगळाच राजा आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर मालीचा एक मणीसुद्धा सापडलेला नाही. आणि अमेरिकेत तेव्हा माणसं राहत होती हो, त्यांना कुणी "शोधायची" गरज नव्हती, ना कोलंबसने ना आणखी कुणी.

टिंबक्टूची युनिव्हर्सिटी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे गेट, हॉस्टेल, कॅन्टीन येतं. तसं काही नव्हतं. एकेका विद्वानाच्या घरी नाहीतर मशिदीच्या ओसरीत बसून एकेक ग्रंथ शिकायचा आणि तो येतो असा दाखला त्या गुरूकडून घ्यायचा. २५ हजार पोरांची हजेरी कुणी घेतली देव जाणे. ज्या सांकोरे मशिदीला युनिव्हर्सिटी म्हणतात तीही मुसाने नव्हे, एका श्रीमंत बाईने बांधवली असं तिथली परंपरा सांगते, आणि विद्येचा खरा बहर आला तो १५व्या-१६व्या शतकात, मालीनंतर तिथे सत्तेवर आलेल्या सोंघाईंच्या राज्यात. त्या बहराची कल्पना यायला एक माणूस पुरे, टिंबक्टूचा विद्वान अहमद बाबा. मोरोक्कोच्या फौजेने १५९१ मध्ये सोंघाई मोडलं, पुढे याला धरून मर्राकेशला नेलं, तिथे तो म्हणाला की माझी १,६०० पुस्तकं गेली, आणि आमच्या घराण्यात सगळ्यात कमी पुस्तकं माझ्याकडेच होती. हे वाक्य फॉरवर्ड करा की!

६० हजार माणसं हा आकडा मुसानंतर तीनशे वर्षांनी टिंबक्टूला लिहिलेल्या बखरींमधला. आपल्याकडच्या बखरीतलं सैन्य जसं वाचतो तसंच हेही वाचायचं, इतक्यांना सहारात पाणी कुठून पाजणार. पण त्या फॉरवर्डमध्ये एक ओळ असते, "१२ हजार सेवक रेशमी कपड्यांत". सेवक नाही, गुलाम. अरबी लेखकांनी सरळ गुलाम लिहिलंय, आकडा कमीजास्त असेल. इब्न बतूता परत निघाला त्या काफिल्यात ६०० गुलाम बायका होत्या. मालीचं मोठेपण सांगताना हे गिळायचं असेल तर मग ते मोठेपण सांगूच नका.

आणि सगळ्यात श्रीमंत म्हणताय तर हे ऐका. हजहून परत कैरोला येईपर्यंत मुसाचे पैसे संपले होते. त्याने तिथल्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढलं, आणि व्यापाऱ्यांनी ३०० दिनारामागे ७०० नफा लावला. त्यात अलेक्झांड्रियाचा सिराजुद्दीन म्हणून एक सावकार होता. त्याने वसुलीला माणूस पाठवला तर तो माणूस मालीतच राहिला. मग म्हातारा स्वतः मुलाला घेऊन वाळवंट तुडवत निघाला. टिंबक्टूला पोचला, मुसाने मक्केहून आणलेल्या अस-साहिली या ग्रनाडाच्या कवीकडे उतरला, जेवला, आणि त्याच रात्री वारला. लोक कुजबुजायला लागले की विष घातलं. मुलगा म्हणाला, "त्याच ताटातलं मीही खाल्लंय, विष असतं तर मीही गेलो असतो. त्यांची वेळ भरली होती." बापाला तिथेच पुरून पोरगा पुढे राजधानीला गेला, पैसे वसूल केले आणि इजिप्तला परतला.