4 जीबीचे कार्ड 12 जीबीचे होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

विंडोजने 4 जीबीच्या ग्राफिक्स कार्डाला आणखी 8 जीबी सामायिक मेमरी (म्हणजे संगणकाच्या रॅममधून उसनी घेता येणारी) दाखवली म्हणून ते 12 जीबीचे होत नाही, या माझ्या विधानावर आपण लिहिले आहे : ‘प्लेस्टेशन 5 मध्येही मेमरी सामायिकच असते, मग पीसीतच ती वाईट कशी? चिपळुणात बसून पुस्तकी ज्ञान पाजळू नका.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु मेमरीच्या चर्चेत माझ्या गावाचे काय काम, हे आपणच सांगावे. जुलै 2021 च्या पुरानंतर इथल्या बाजारपेठेतील चिखलाने भरलेली यंत्रे ज्यांनी उघडून, धुऊन, पुसून चालू केली, त्यांच्यापैकी मी एक आहे. ते काम कोणत्या पुस्तकात शिकवतात?

आता प्लेस्टेशन, म्हणजे सोनीचा गेम कन्सोल. त्यातील 16 जीबी मेमरी सामायिक आहे खरी, परंतु ती जीडीडीआर6 या ग्राफिक्ससाठीच्या वेगवान जातीची असून सेकंदाला 448 जीबी माहिती पुरवते. पीसीतील डीडीआर4-3200 रॅम ड्युअल चॅनेलमध्ये (दोन स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, जोडीने लावल्यावर) कागदोपत्री सेकंदाला 51.2 जीबी देते, आणि एकच स्टिक असेल तर त्याच्या निम्मे. शिवाय वेगळ्या कार्डाला तिथपर्यंत पोहोचायचे तर पीसीआय एक्स्प्रेसमधून, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गातून, जावे लागते. त्याच्या तिसऱ्या पिढीच्या 16 लेनमधून (माहितीच्या पदरांमधून) एका दिशेने सेकंदाला सुमारे 16 जीबीच जातात. एएमडीच्या आरएक्स 6500 एक्सटी या कार्डाला तर 4 लेनच आहेत, म्हणजे जुन्या मदरबोर्डवर जेमतेम 4 जीबी, आणि त्याच कार्डावरील मेमरीचा वेग मात्र 144 जीबी! महामार्ग चौपदरी असून इथल्या परशुराम घाटात गाड्या एकेरी सोडल्या तर जे होते, तेच इथे होते : व्हीआरएएम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की टेक्श्चर, म्हणजे गेममधील वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे, रॅममध्ये ढकलली जातात आणि गेम बंद न पडता अडखळू लागतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) पाहणाऱ्याला हे कळतही नाही.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील तो 8 जीबीचा आकडाही राखून ठेवलेल्या मेमरीचा नसून केवळ कमाल मर्यादेचा असतो, साधारणपणे एकूण रॅमच्या निम्मा. हे मूळ लेखात होते. आपण तिथपर्यंत वाचले असावे, असे धरून चालतो.

एवढे मान्य करतो की, ज्यांच्याकडे वेगळे कार्डच नाही त्यांना मी एका वाक्यात आटोपले. रायझन 5 5600जी या, ग्राफिक्स अंगभूत असलेल्या प्रोसेसरवर काम भागवणाऱ्याला सामायिक मेमरीवाचून पर्याय नाही, आणि त्याने 16 जीबीच्या एका स्टिकऐवजी 8 जीबीच्या दोन लावणे केव्हाही हिताचे.

रॅमच्या किमती आणि माझे शुद्धलेखन यांवरील आपल्या शेऱ्यांना उत्तर देण्याचे कारण दिसत नाही. गेम चालू असताना सामायिक मेमरीचा आलेख चढू लागला की टेक्श्चरची सेटिंग एक पायरी उतरवून पाहा, आणि दोन्ही वेळचे फ्रेम टाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ) इथे लिहा.